चित्र कुणाचं, आलं कुठून?

शिवाजी महाराज म्हणून एका भलत्याच सरदाराचं चित्र महाराष्ट्रात बरीच वर्षं छापलं जात होतं. ते लबाडीने पसरवलेलं नव्हतं. कुणाला तरी ते रुबाबदार वाटलं, कुणी तरी त्याखाली नाव घातलं, पुढच्याने ते नाव तसंच उतरवलं, आणि चित्राची वहिवाट पडली. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली व्हॅलेंटाइन नावाच्या डच धर्मोपदेशकाच्या ग्रंथातलं चित्र पुढे आणलं, तेव्हा कुठे ही चूक दुरुस्त होऊ लागली. व्हॅलेंटाइनचा हा जाडजूड ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात हॉलंडमध्ये छापला गेला होता. म्हणजे आपल्या राजाचा चेहरा दोनशे वर्षं एका परक्या पुस्तकात नावानिशी नीट बसून होता, आणि आपण इकडे दुसऱ्याच कुणाला तरी मुजरा करत होतो.

हा प्रसंग आज आठवायचं कारण सरळ आहे. आवडलेलं चित्र जपून ठेवणं आणि चार जणांना दाखवणं हे काम माणसाच्या हाताला इतकं सोपं कधीच नव्हतं. फोनमध्ये प्रत्येकाचा एक संग्रह आहे. जुन्या पुण्याचे फोटो, मंदिरांवरच्या शिल्पांचे तुकडे, कुणाच्या तरी आजीची गोधडी, आगपेट्यांवरची चित्रं, जुन्या जाहिराती. सकाळी आलेलं दुपारपर्यंत चार गटांत जातं. ‘चित्र कुठलं?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘मला आलं, मी पाठवलं.’ या छंदाला नाकं मुरडणारे आहेत, त्यांत मी नाही. जुन्या संग्राहकांचा छंद तरी वेगळा कुठे होता? फरक आहे तो चित्राबरोबर काय जातं, यात.

व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातल्या महाराजांच्या चित्राची वाट मागे शोधत गेलं की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गोवळकोंड्याला पोचतो. तिथल्या चितारींचा एक चांगला चालणारा धंदा होता. दख्खनच्या आणि मोगलांच्या राजेलोकांचे छोटे चेहरे संचांनी रंगवायचे आणि डच, फ्रेंच, इंग्रज व्यापाऱ्यांना विकायचे. एकाच खाक्यावरून तीच छबी पुन्हा पुन्हा निघे. घेणारे काही कलेचे मोठे जाणकार नव्हते. दूरदेशीच्या राजांचे चेहरे घरी नेऊन मित्रांना दाखवायचे, एवढी त्यांची हौस. पण एक सवय त्यांना होती. प्रत्येक चित्रावर किंवा त्याच्या कडेला आपल्या भाषेत लिहून ठेवायचं: हा अमुक राजा, अमुक मुलखाचा. लिहिताना नावांची पार वाट लागे. शिवाजीचा ‘सिवागी’ होई. पण ओळख बुडाली नाही.

ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन हा असाच एक संग्राहक. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. तरीही त्याच्याकडे १६८६च्या सुमाराचा, ४९ चित्रांचा, इथल्या राज्यकर्त्यांचा एक आल्बम होता. तो आज तिथल्या रिक्सम्युझियममध्ये आहे. निकोलाओ मनुची या इटालियन भटक्याने तर मीर मुहम्मद नावाच्या चितारीकडून मुद्दाम चित्रं काढून घेतली आणि युरोपला पाठवली. तो संच आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यात घोड्यावर बसलेले महाराज आहेत. मनुचीने महाराजांना मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत प्रत्यक्ष पाहिलं होतं, आणि चित्र काढणाऱ्याचं नावही त्याने लिहून ठेवलं. त्या काळी संग्राहकाने चितारीचं नाव लिहिणं ही दुर्मिळ गोष्ट. मनुचीच्या गप्पांवर इतिहासकार सहसा विश्वास ठेवत नाहीत, तो तिखटमीठ लावून लिहितो. पण या एका नोंदीसाठी त्याला बरंच काही माफ करावं.

त्याच हॉलंडात, थोडं आधी, रेम्ब्राँ होता. त्याचं घर म्हणजे शंखशिंपले, शस्त्रं, पुतळे, चित्रांच्या चोपड्या यांचं कोठार. १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं तेव्हा या सगळ्याची यादी झाली, म्हणून ते आपल्याला कळतं. नेमक्या त्याच सुमारास त्याने मोगल चित्रांवरून सुमारे दोन डझन रेखाटनं केली. शाहजहानचा, दरबाऱ्यांचा, झाडाखाली बसलेल्या फकिरांचा त्याने आपल्या हाताने पुन्हा एकदा अभ्यास केला, तोही बहुधा आशियातून आलेल्या कागदावर. कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला आग्ऱ्याच्या चितारीची रेघ गिरवावीशी वाटते, यात या छंदाचं सगळं वेड आलं. मूळ चित्रं काढणारे कोण होते, ते मात्र रेम्ब्राँने लिहिलेलं नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी हाच खेळ पुण्यात रंगला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि त्याच्याकडे आलेला चित्रकार जेम्स वेल्स यांनी सवाई माधवरावांच्या दरबारातली माणसं, वेरूळ-कार्ल्याची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली. तिथे गंगाराम चिंतामण तांबट तयार झाला. त्याने काढलेला गेंडा पाहावा. तांब्याच्या पत्र्यावर ठोके दिल्यासारखी त्याची कातडी दिसते. आडनावाचा परिणाम म्हणून मी हे म्हणत असेन, पण दिसते खरी. लेण्यांची त्याची रेखाटनं मोजूनमापून केलेली आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला, मॅलेटने पुढे त्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि हा सगळा ऐवज इंग्लंडला गेला. वेरूळची चित्रं १८०३ साली लंडनला छापून निघाली, ती वेल्सच्या नावाने. गंगाराम मागे राहिला. तो पुन्हा सापडला तो वेल्सच्या रोजनिशीमुळे आणि चित्रांवरच्या नोंदींमुळे. त्याची चित्रं आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि तिथे ती त्याच्या नावाने लावलेली आहेत. पुण्यात त्याच्या नावाचं काय आहे, हे पुणेकरांनी आपापसात विचारून घ्यावं.

गोरे लोक नोंदी ठेवत आणि आपण ठेवत नव्हतो, असा सोपा निष्कर्ष इथे काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा तंजावरात आहे. तिथले मराठे राजे दुसरे सरफोजी, राज्य १७९८ ते १८३२. त्यांनी सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपातून आलेली पुस्तकं आणि चित्रं भरली. पुस्तकांवर ते स्वतः इंग्रजीत सही करत. माणसाच्या चेहऱ्याची जनावरांच्या तोंडाशी तुलना करणारी, फ्रेंच चित्रकार ल ब्रँची गमतीदार चित्रं त्यांच्याकडे होती. पण मला त्यांच्या संग्रहातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते डोळ्यांच्या रोग्यांचं बाड. रोग्याची हकीकत, काय उपचार केला, गुण आला का, आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. मोतीबिंदूने पांढरा पडलेला एक डोळा, दोनशे वर्षांपूर्वीचा, आणि तो कसा होता ते सांगणारा कागद त्याच्या शेजारीच. चित्र आणि नोंद यांची फारकत झालेली नाही, म्हणून आजचा डॉक्टरही ते बाड कामाचं म्हणून वाचू शकतो. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं.

अजिंठ्याची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. १८१९च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात शिरून पहिलं काम कुठलं केलं? खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. नोंदच ती, पण चुकीच्या माणसाची आणि चुकीच्या जागी. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यात बसून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला टांगल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाऊ लागले. दर हिवाळ्यात मुंबईची मुलं डोंगरात मुक्काम ठोकून, अंधारात, वटवाघळांच्या वासात, भिंतीवरची रेघ कॅनव्हासवर आणत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलाच. १८८५ पर्यंत काम चाललं, चित्रं लंडनला रवाना झाली, आणि त्याच वर्षी दक्षिण केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतली बरीच गेली. उरलेल्यांच्या आधाराने ग्रिफिथ्स यांचे दोन भव्य खंड १८९६-९७ मध्ये निघाले.

यातून काय समजायचं? चित्र वाटावं तर ते जळतं, आणि न वाटावं तर भिंतीवर झडतं. शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ भिंतींना रोगण फासलं. ते पिवळं पडलं आणि पुढच्यांच्या डोक्याला ताप झाला. निजाम सरकारने १९२० ते २२ मध्ये इटलीहून माणसं आणून ते काढायचा प्रयत्न केला. दाखवण्याच्या उत्साहात मूळ वस्तूची हानी होते, हे आपल्याकडच्या संग्रहाच्या इतिहासातलं सर्वांत कडू प्रकरण. तरीही ग्रिफिथ्सचे खंड नसते तर आज कित्येक चित्रांतले झडलेले हात, डोळे, मुकुट कसे होते ते कळलंच नसतं. कुठलं लेणं, कुठली भिंत, तिचा कोणता भाग, हे त्यांनी चित्रागणिक लिहिलेलं आहे. म्हणून नक्कल मूळ चित्राला साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. नकलेत पाहणाऱ्याचा हात दिसतो आणि त्याच्या काळाची आवडही दिसते. ती दिसू द्यावी. मात्र हात कुणाचा हेही लिहावं. आजही बहुतेक ठिकाणी ही चित्रं ‘ग्रिफिथ्सची’ म्हणून ओळखली जातात. मुंबईच्या त्या पोरांची नावं चाळून काढावी लागतात.

मधल्या काळात छापखाने आले आणि चित्रं राजवाड्यांतून चाळींत आली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तिची रामपंचायतनं आणि नाना फडणविसांची चित्रं घरोघर लागली. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत तैलचित्रांच्या छापील नकलांचा छापखाना घातला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या चित्रांवर बायका टिकल्या, जर, कापडाचे तुकडे शिवत, आणि छापील देवीला खरं लुगडं नेसवत. कडेला छापखान्याचं नाव असे. त्यामुळे आज जुन्या फ्रेमा गोळा करणाऱ्यांना कुठली प्रत कुठली, कुठल्या काळातली, हे बऱ्यापैकी ठरवता येतं. धंद्यासाठी छापलेली ती एक ओळ संशोधकांच्या उपयोगी पडली.

कागदपत्रांच्या बाबतीत कुठून आलं ते नोंदवायचं भान आपल्याकडे आलं ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यामुळे. माळ्यावरची, उंदरांनी कुरतडलेली दप्तरं ते गावोगाव पायपीट करून धुंडाळत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. कागद कुठे मिळाला याची नोंद त्यांना कागदाइतकीच महत्त्वाची वाटे. चित्रांना असा राजवाडे मिळाला नाही, असं मला वाटतं. चित्रांना मिळाले ते वेडे संग्राहक.

त्यांतले सर्वांत मोठे वेडे अर्थातच दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात चष्म्याचं घरचं दुकान, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता, आणि १९२०च्या आसपास लागलेला एक नाद. बडोद्याच्या किंवा औंधच्या संस्थानिकांसारखा खजिना पाठीशी नाही. जे परवडेल ते घ्यायचं. आणि परवडत होतं ते काय, तर इतर कुणाला नको असलेलं. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, फण्या, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या. वज्रीवर मोर, हत्ती किंवा घोडेस्वार बसवून न्हाणीघरातल्या वस्तूला नटवणारा ओतारी हा मोठा कलावंत आहे, हे केळकरांनी पाहिलं तेव्हा विद्यापीठांत कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती. घरोघरच्या बायकांच्या वस्तू मिळवण्यात त्यांच्या पत्नी कमलाबाईंचा हात मोठा होता. कोथरूडचा मस्तानीचा महाल मोडीत निघाला तेव्हा केळकरांनी तोही सुटा करून आणला आणि पुन्हा उभा केला. राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. सुमारे साठ वर्षांत वीस हजारांवर वस्तू जमल्या, आणि १९७५ साली त्या सगळ्या त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकल्या.

केळकरांची नजर दुर्मिळ होती, याबद्दल वाद नाही. तेच अडकित्ते अनेक वाड्यांत पडले होते आणि मोडीच्या भावाने जात होते. पण या संग्रहाकडे पाहताना एक चुटपुट लागते. जुन्या बाजारात आलेल्या वस्तूचं गाव आधीच पुसलेलं असतं. बोहारणीकडून भंगारवाल्याकडे आणि तिथून दुकानदाराकडे आलेली समई कुठल्या घरातली, कुठल्या तांबटाने घडवलेली, हे विकणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत असलं तरी तो सांगत नाही. गेंडा काढणाऱ्या गंगारामचं नाव एका परक्याच्या रोजनिशीने वाचवलं. त्याच्याच जातभाईंनी घडवलेल्या हजारो वस्तूंवर ‘पितळ, महाराष्ट्र, १८वे-१९वे शतक’ एवढीच ओळ लावता येते. याचा दोष संग्राहकाच्या माथी मारता येत नाही. त्याने वस्तू वितळण्यापासून वाचवली, एवढंच पुष्कळ झालं. पण संग्रहालयाकडे आल्यावर तरी पुढचा शोध घ्यायला हवा, आणि जागेअभावी यातला थोडाच भाग मांडलेला असताना उरलेल्याचा शोध घेणार कोण आणि केव्हा?

औंधचं उदाहरण इथे थोडक्यात सांगायला हवं. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. १९१८ साली त्यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले, आवृत्ती सचित्र असावी या आग्रहासह, आणि चित्रं स्वतःच काढली. संस्कृत पाठभेदांच्या कोरड्या जंगलात राजाने रंगवलेले पांडव कसे शिरले, याचं कोडं उलगडतं ते असं. १९३८ मध्ये औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय बांधलं. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प साताऱ्याकडच्या एका लहानशा गावात. शहराकडे न पाहता ऐवज खेड्यात ठेवायचा, हा हट्ट पंतप्रतिनिधींचाच.

आता आजचं. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने देशातल्या संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली आहे आणि मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तू तिच्या आधारे जाळ्यावर आल्या आहेत. रिक्सम्युझियम २०१२ पासून आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती कुणालाही फुकट उतरवून घेऊ देतं, चित्रकार, काळ, माध्यम, मिळाल्याचा इतिहास यांसकट. सतराव्या शतकातल्या दख्खनच्या राजांचे चेहरे पाहायचे तर पुण्यातल्या मुलाला आज ॲमस्टरडॅमचं दार जास्त सताड उघडं मिळतं. आपल्या तालुक्याच्या संग्रहालयात मात्र ‘फोटो काढण्यास मनाई’ ही पाटी सर्वांत ठळक असते. फोटो काढायला मनाई करून चोरी थांबत नाही आणि प्रसार तर होतच नाही. होतं एवढंच की लोक लपूनछपून वाकडेतिकडे फोटो काढतात आणि ते नावागावाशिवाय फिरत राहतात. उलट संग्रहालयानेच नीट फोटो, नीट माहितीसकट दिला तर ‘फॉरवर्ड’ करणाऱ्यालाही खोटी माहिती जोडायची गरज उरत नाही. शासनाच्या ताब्यातल्या संग्रहांनी हे करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची, हे मला खरोखर समजत नाही.

आणि ज्या चित्रांच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही, त्यांचं काय? पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथींचा प्रश्न तोच आहे. रामायण-महाभारताच्या आख्यानांची कागदी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली, एकेका आख्यानाची एकेक पोथी. चित्राखाली मजकूर नाही, कारण मजकूर गाणाऱ्याच्या तोंडी. तो एकेक पान पुढे धरतो, गातो, उलटतो. अनेक पोथ्या फुटल्या. सुटी पानं चांगल्या किमतीला देशविदेशच्या संग्रहांत गेली. फ्रेममध्ये लावली की ती अप्रतिम दिसतात, पण पुढचं-मागचं पान कुठलं आणि हा राक्षस नेमका कुणाशी लढतोय, हे पानावरून सांगता येत नाही. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीला आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं आणि पुढच्या पोरांना पोथी गायला शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा पोथीच्या पानांचे नुसते फोटो काढून भागणार नाही. कॅमेऱ्याबरोबर ध्वनिमुद्रण लागेल, पानाबरहुकूम गाणं लागेल, गाणाऱ्याचं नाव आणि तो कुणाकडून शिकला ते लागेल. परदेशी गेलेल्या सुट्या पानांचा क्रम लावायचा झाला तरी तो लावू शकणारी माणसं पिंगुळीतच आहेत, आणि आख्यान अखेरपर्यंत येणारे त्यांत मोजके.